आठ आले की मरणारं मशीन : एका पॉवर सप्लायचं प्रकरण

संगमनेर तालुक्यातल्या एका गावातलं दूध संकलन केंद्र. पत्र्याची शेड, एका बाजूला वजनकाटा, शेजारी फॅट तपासायचं यंत्र, आणि टेबलावर एक करड्या रंगाचा पत्र्याचा डबा. काट्यावरचं वजन आणि यंत्रातलं फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या डब्यात येतं, तो दर काढतो, आकडे लाल डिस्प्लेवर दाखवतो आणि पावती छापायला पाठवतो. डिस्प्ले दोन आहेत, एक टेबलावर बसणाऱ्या पोराकडे तोंड केलेला आणि दुसरा खिडकीकडे, दूध घालणाऱ्यांना दिसावा म्हणून. गावात सगळे त्याला नुसतं 'मशीन' म्हणतात.

तक्रार अशी होती की रोज संध्याकाळी, सात ते साडेसातच्या दरम्यान, मशीन मध्येच मरतं. आकडे विझतात, क्षणभराने सगळे आठ-आठ लागतात, पुन्हा विझतात, कधी तीन-चार वेळा असं होऊन मग शून्यावर येतं. सकाळी मात्र एकदाही नाही.

ऐकायला किरकोळ वाटेल. पण दूध तोवर काट्यावरून मोठ्या कॅनमध्ये ओतलेलं असायचं. वजन परत करणार कशाचं? पोरगा आठवेल तो आकडा हाताने पावतीवर लिहायचा. ८.८० चे ८.५० लिहिले गेले तर ३०० मिली दूध गेलं, आणि लिटरला तीस रुपये धरले तर नऊ रुपये. दोन गाईंवर घर चालवणाऱ्या बाईला नऊ रुपये म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. गावात कुजबुज सुरू झाली होती की पोरगा मुद्दाम बटण दाबतो. केंद्राच्या सचिवांनी मला बोलावलं तेव्हा त्यांना मशीन दुरुस्त व्हायला हवं होतंच, पण त्याहून जास्त हे हवं होतं की पोराच्या अंगावरचा डाग जावा.

माझ्याआधी तिघांनी हात लावला होता. पहिल्याने ७८०५, म्हणजे बोर्डाला पक्के पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर, बदलला. दुसऱ्याने संध्याकाळी येऊन मीटर लावला, ७८०५ च्या आधी ७.४ व्होल्ट आणि नंतर ४.९ मिळाले. ७८०५ ला आत निदान सात व्होल्ट लागतात, ते आहेत. बाहेर पाच हवेत, ते जवळजवळ आहेत. म्हणजे सप्लाय ठीक, दोष मेन बोर्डात, असा निष्कर्ष काढून त्याने बोर्डच बदलला. चांगले पैसे गेले आणि मशीन दुसऱ्याच संध्याकाळी मेलं. तिसऱ्याने स्टॅबिलायझर घ्या म्हणून सांगितलं. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, पण का ते त्याला सांगता आलं नाही, म्हणून सचिवांनी थांबायचं ठरवलं.

मीही पहिल्यांदा चुकलोच. दुपारी गेलो, सगळं नीट चालत होतं, म्हणून मशीन दुकानात आणून रात्रभर चालू ठेवलं. माझ्याकडे २३५ व्होल्ट होते. सकाळपर्यंत एकदाही अडलं नाही. तसंच परत नेऊन बसवलं आणि त्याच संध्याकाळी ते मेलं. मग ठरवलं की जी वेळ दोषाची, त्याच वेळी तिथे बसायचं.

दुसऱ्या दिवशी सहापासून शेडमध्ये बसलो. प्लगमध्ये मीटर खुपसून ठेवला होता. सहाला २१० व्होल्ट. पावणेसातला, समोरची पिठाची गिरणी सुरू झाली तेव्हा, १९२. सात वाजून दहा मिनिटांनी १८५. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची आणि सहा टक्के वर-खाली चालते, म्हणजे २१६ ते २४४. १८५ हा त्या चौकटीच्या फार बाहेरचा आकडा, पण डीपीपासून, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब असलेल्या शेवटच्या खांबांवर संध्याकाळी तो दिसतो. त्यातलं काही नवीन नव्हतं. चार वर्षं मशीन याच शेडमध्ये, याच खांबावर चाललं होतं. दोष आताच का?

खिडकीशी रांगेत एक मावशी होत्या. हाताने लिहिलेल्या पावत्या त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. मला म्हणाल्या, "दादा, आठ आठ आलं ना, का मरतंय बघा ते. माझं अकरा लिटर असतं तवा नाय मरत."

पोरगा हसला. मी हसलो नाही, पण खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते पटलं नाही. वजनाच्या आकड्याचा आणि विजेचा संबंध काय? पाच-सात जणांनंतर त्यांचा नंबर आला. काट्यावर ८.८० लागले, फॅट ३.८, एसएनएफ ८.६. डिस्प्ले भरला आणि विझला.

त्यांच्या पिशवीतल्या पावत्या मी मोबाइलवर टिपून घेतल्या आणि मशीन पुन्हा दुकानात आणलं. या वेळी सोबत १८५ हा आकडा होता.

डब्याच्या आत

उघडल्यावर जे दिसलं ते कुठल्याही आयटीआयच्या पोराला ओळखता येईल असं. ९ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड, १एन४००७, ज्यांना बाजारात 'चार हजार सात' म्हणतात, एक ४७०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ७८०५. इतकं साधं सर्किट की आपण त्याकडे नीट बघतच नाही. म्हणून जरा सावकाश बघू.

ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर येणारे ९ व्होल्ट हे आरएमएस, म्हणजे एसी मीटर दाखवतो तो आकडा. लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १२.७ व्होल्ट. चार डायोडच्या ब्रिजमध्ये लाटेच्या एका अर्ध्यात समोरासमोरचे दोन डायोड वाहतात, दुसऱ्या अर्ध्यात उरलेले दोन, आणि दोन्ही वेळा कपॅसिटरच्या प्लसमध्ये प्लसच जातो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेतून त्यामुळे सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. वाटेत दोन डायोड असल्यामुळे दोघांचा मिळून दीड ते दोन व्होल्टचा कर द्यावा लागतो. या कराला ड्रॉप म्हणतात. पुस्तकात एका डायोडचा ड्रॉप ०.७ लिहिलेला असतो. इथे ०.९ धरायला हवा, त्याचं कारण पुढे येईल. तर १२.७ मधून १.८ गेले, राहिले १०.९. हा कपॅसिटरवरचा माथा.

आता कपॅसिटर. पाटाला पाळीने पाणी येतं आणि हौदातून नळ सतत वाहतो, तसंच काहीसं इथे चालतं. दर १० मिलिसेकंदांनी पाळी येते, हौद भरतो आणि पुढची पाळी येईपर्यंत रिकामा होत जातो. किती रिकामा होणार ते दोनच गोष्टींवर ठरतं: नळ किती मोठा आणि हौद किती रुंद. हिशेब सोपा आहे. करंट अँपिअरमध्ये घ्या, त्याला १०० ने भागा, आणि कपॅसिटरच्या फॅरडने भागा. ०.६ अँपिअर आणि ४७०० मायक्रोफॅरडला उत्तर येतं १.३ व्होल्ट. यालाच रिपल म्हणायचं. म्हणजे माथा १०.९ वर आणि तळ ९.६ वर. काटेकोर पाहिलं तर हौद पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत नाही, थोडा कमी वेळ होतो, म्हणून खरा रिपल जरा कमी येतो. दुरुस्तीला हा हिशेब पुरतो, आणि चुकला तर सावध बाजूला चुकतो.

डायोड वाहतात किती वेळ? ट्रान्सफॉर्मरची लाट कपॅसिटरच्या वर डोकं काढेल तेवढाच वेळ. या सर्किटमध्ये तो १० पैकी दीड-दोन मिलिसेकंद निघतो. सर्किट १० मिलिसेकंद जे खातं ते या दीड-दोन मिलिसेकंदांत भरायचं, म्हणून बाहेर ०.६ अँपिअर असले तरी डायोडमधून तीन-चार अँपिअरचे झटके जातात. डायोडचा ड्रॉप ०.७ ऐवजी ०.९ धरला तो याचसाठी. ट्रान्सफॉर्मरही त्यामुळेच १ अँपिअरचा घ्यावा लागतो. ०.६ च्या डीसी लोडला ०.६ चा ट्रान्सफॉर्मर लावणारे पुष्कळ भेटतात, आणि मग तो उकळतो म्हणून तक्रार करतात.

शेवटी ७८०५. त्याच्या पोटात एक पक्का संदर्भ व्होल्टेज असतो, बाहेरच्या व्होल्टेजची त्याच्याशी सतत तुलना करणारा अँप्लिफायर असतो, आणि वाटेत एक मोठा ट्रान्झिस्टर नळासारखा बसलेला असतो. बाहेर पाचाहून जरा कमी झालं की नळ उघडतो, जास्त झालं की आवळतो. पण नळ कितीही उघडला तरी त्याला स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट लागतात. आत ७ असतील तरच बाहेर ५. आत ६ झाले तर बाहेर ४, आणि त्यात त्याची काही चूक नाही. तो वरचं कापून टाकू शकतो, खालचा खड्डा भरून काढू शकत नाही. हे वाक्य मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतो.

२३० व्होल्टला तळ ९.६, गरज ७ ची. अडीच व्होल्ट शिल्लक. हे मशीन बनवणाऱ्याने कुठवर विचार केला होता तेही यातून काढता येतं. तळ बरोबर ७ ला टेकायला माथा ८.३ हवा, त्यात डायोडचे १.८ मिळवले की १०.१, आणि १.४१४ ने भागलं की ७.१५ व्होल्ट आरएमएस. ९ च्या जागी ७.१५ कधी मिळणार? घरात १८३ व्होल्ट असतील तेव्हा. म्हणजे नवीन असताना हे मशीन १८३ पर्यंत पाय रोवून उभं राहील असं बनवलेलं होतं. मला हा विचार वाईट वाटत नाही. मग १८५ ला ते का मरत होतं?

टेबलावर

पहिला संशय डायोडवर. ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला तर निम्म्या पाळ्या बुडतात, १०० ऐवजी ५० च उंचवटे राहतात आणि रिपल दुप्पट होतो. लक्षणं बरोबर हीच असतात: सकाळी चालतं, संध्याकाळी मरतं. वीज काढून, कपॅसिटर रिकामा करून चारही डायोड मीटरच्या डायोड रेंजवर पाहिले. चौघेही एका बाजूने ०.५५ ते ०.६, उलट बाजूने बंद. डायोड निर्दोष.

मग मेन बोर्ड सोडवून ठेवला आणि त्याच्या जागी ८.२ ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावला. पाच व्होल्टला तो ०.६ अँपिअर खातो. मशीन स्वतः रिसेट होत राहिलं तर काहीच नीट मोजता येत नाही, रेझिस्टर मात्र गपचूप खात बसतो. ट्रान्सफॉर्मरला वीज डिमरस्टॅटमधून, म्हणजे व्होल्टेज हवा तसा कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून, दिली आणि कपॅसिटरवर सीआरओचा, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर काढून दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब लावला. २३० पासून हळूहळू खाली आलो.

१८५ वर पडद्यावर करवतीचे दाते स्पष्ट दिसत होते. माथा ८.४, तळ ५.७. रिपल २.७ व्होल्ट. असायला हवा होता १.३. आणि ७८०५ च्या बाहेर, जिथे सरळ रेघ दिसायला हवी, तिथे सेकंदाला शंभर खड्डे, प्रत्येक खड्ड्याचा तळ ३.८ च्या आसपास.

त्याच वेळी, त्याच दोन टोकांवर, साधा मीटर लावला. ७८०५ च्या आत त्याने दाखवले ७.१ आणि बाहेर ४.७.

इथेच दुसरा दुरुस्तीवाला फसला होता, आणि सीआरओ नसता तर मीही फसलो असतो. मीटर डीसीला सरासरी दाखवतो. ८.४ चा माथा आणि ५.७ चा तळ यांची सरासरी ७.१. सात व्होल्ट 'आहेत' असं मीटर खरंच सांगतो, पण त्या १० मिलिसेकंदांतले चार मिलिसेकंद ते तिथे नसतात. बोर्डाचा मेंदू असलेला मायक्रोकंट्रोलर सरासरीवर जगत नाही. या बोर्डावर ४.२ च्या खाली एकदा जरी व्होल्टेज गेला तरी रिसेट बसतो, मग त्याआधी आणि नंतर तो कितीही व्यवस्थित पाच असो.

सीआरओ नसला तरी हे पकडता येतं, आणि खेड्यापाड्यांत काम करणाऱ्यांसाठी ते इथे लिहून ठेवतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, प्रोबच्या सोबत १ मायक्रोफॅरडचा प्लॅस्टिक फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये धरायचा आणि सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजायचं. तो छोटा कपॅसिटर डीसी अडवतो आणि फक्त रिपल आत सोडतो. तो न लावता स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीला लावला तर काहीही वेडावाकडा आकडा दाखवतो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्या मीटरने असे ०.७५ व्होल्ट दाखवले. करवतीच्या आकाराला त्या आकड्याची साधारण साडेतीन पट केली की माथ्यापासून तळापर्यंतची खोली मिळते, म्हणजे सुमारे २.६. सीआरओच्या २.७ ला ते पुरेसं जवळ आहे. यासाठी दहा रुपयांचाही सुटा भाग लागत नाही.

रिपल दुप्पट, डायोड शाबूत. उरतो हौद. कपॅसिटर काढून मोजला. अंगावर छापलेलं ४७००, मीटरवर २१६०. आतला रेझिस्टन्सही वाढलेला होता. बाहेरून मात्र तो नव्यासारखा. माथा फुगलेला नाही, बुडाशी ओल नाही, कुठे डाग नाही. कपॅसिटर गेला म्हणजे फुगलाच पाहिजे, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. हा आतून वाळला होता, विहिरीचं पाणी आटावं तसा, वरून काही कळू न देता.

का वाळला तेही डब्यातच दिसत होतं. ७८०५ ची ॲल्युमिनियमची पट्टी आणि कपॅसिटर यांच्यात नखाएवढं अंतर. मशीन रात्रीही बंद करत नसत. रात्री गिरणी आणि मोटारी थांबल्या की याच खांबावर २५५ व्होल्ट येतात. तेव्हा ७८०५ च्या आत सरासरी ११ व्होल्ट, बाहेर ५, मधले सहा व्होल्ट अर्ध्या अँपिअरने गुणले की तीन वॅट उष्णता झाली. त्या पट्टीवर बोट ठेववत नव्हतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. हा ८५ अंशांचा होता. अशांना त्या तापमानाला बहुधा २००० तास दिलेले असतात. ६५ अंशांना ८००० तास होतात, आणि अखंड चालू ठेवलं तर ते जेमतेम ११ महिन्यांत संपतात. थंडीने आणि पावसाळ्याने त्याला चार वर्षं ओढून नेलं, इतकंच.

आठचं कोडं

कपॅसिटर सापडला तरी मावशींचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. १८५ व्होल्ट तर त्या वेळी सगळ्या रांगेलाच होते. मग काहींच्याच दुधाला मशीन का मरावं?

बोर्ड परत जोडला आणि करंट मोजायला मीटर सिरीजमध्ये लावला. काट्याच्या जागी हाताने आकडे भरता येतात, तसे भरत गेलो. वजन बदलेल तसा करंट बदलत होता. ते दिसल्यावर मी उठून उभाच राहिलो.

डिस्प्लेचा प्रत्येक अंक सात काड्यांचा. एकाला दोनच काड्या पेटतात, साताला तीन, चाराला चार, शून्याला सहा आणि आठाला सगळ्या सात. प्रत्येक पेटलेली काडी सरासरी अडीच मिलिअँपिअर खात होती. एका डिस्प्लेवर बारा अंक: लिटरचे चार, फॅटचे दोन, एसएनएफचे दोन, दराचे चार. आणि असे डिस्प्ले दोन.

आता मावशींची पावती घ्या. ०८.८०, ३.८, ८.६, दर ३०.६०. लिटरच्या २६ काड्या, फॅटच्या १२, एसएनएफच्या १३, दराच्या २३. बेरीज ७४. दोन डिस्प्लेच्या १४८. अडीचने गुणलं की ३७०, त्यात बाकी बोर्डाचे १८० मिळवले की ५५० मिलिअँपिअर.

त्यांचीच दुसरी पावती. ११.४०, ४.१, ८.४, दर ३१.७०. काड्या अनुक्रमे १४, ६, ११ आणि १६, मिळून ४७. दोन डिस्प्लेच्या ९४. २३५ अधिक १८०, म्हणजे ४१५ मिलिअँपिअर.

चांगला कपॅसिटर असता तर या फरकाने काही बिघडलं नसतं. वाळलेल्या २१६० मायक्रोफॅरडला मात्र ५५० मिलिअँपिअरवर अडीच व्होल्टचा खड्डा पडतो आणि ४१५ वर १.९ चा. १८५ व्होल्टला माथा ८.४. पहिल्या पावतीला तळ ५.९ वर जातो, ७८०५ त्यातून ४.१ काढतो, रिसेट. दुसरीला तळ ६.५, बाहेर ४.७ ते ४.८, मशीन चालू. ४.२ ची रेघ या दोन्हींच्या मध्ये. आणि एकदा रिसेट बसला की मशीन सुरू होताना तपासणीसाठी सगळे आठ पेटवतं, म्हणजे २४ अंकांच्या १६८ काड्या, ६०० मिलिअँपिअर, सगळ्यात मोठा घास. त्या घासाने ते पुन्हा मरायचं. तीन-चार वेळा मरून मग उठायचं ते याचमुळे. मध्येच गिरणीचा लोड जरा हलका झाला की ते तग धरायचं.

मी टिपून आणलेल्या पावत्या एकेक करून मोजल्या. ज्या ज्या दिवशी हाताने लिहावी लागली होती, त्या प्रत्येक पावतीवर काड्या सत्तरच्या आसपास किंवा वर. मावशींनी सर्किट पाहिलं नव्हतं, पण त्यांनी चार महिने जे पाहिलं ते आम्ही चौघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं. मापनाची शिस्त त्यांच्या पिशवीत होती.

काय बदललं आणि काय नाही

नुसता ४७०० चा नवा कपॅसिटर टाकला असता तरी मशीन पुन्हा १८३ पर्यंत आलं असतं. म्हणजे संध्याकाळचे १८५ आणि मशीनची ही हद्द, दोघांमध्ये दोनच व्होल्टांचं अंतर राहिलं असतं. मला ते पुरेसं वाटलं नाही.

१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हा सगळ्यांना सुचणारा उपाय. संध्याकाळी उत्तम, पण रात्री २५५ व्होल्ट येतात तेव्हा ७८०५ च्या आत १५-१६ व्होल्ट होणार, उष्णता तिनाची पाच वॅटच्या वर जाणार, आणि तीच उष्णता नव्या कपॅसिटरला खाणार. एक दोष काढून दुसरा पेरायचा. स्टॅबिलायझर चालला असता, पण त्याच्या पैशात मशीनचा सगळा सप्लाय तीनदा नवा झाला असता. तयार एसएमपीएस, म्हणजे मोबाइलच्या चार्जरसारखा सप्लाय, लावणं हाही सरळ मार्ग आहे, त्यातले पुष्कळसे ९० ते २६४ व्होल्टवर चालतात. मी तो टाळला तो एवढ्यासाठीच की तो बंद पडला तर गावात कोणी उघडून बसणार नाही. हा लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय मात्र तालुक्यातला कोणीही दुरुस्त करू शकतो. यावर दुसऱ्या कोणाचं मत वेगळं असेल, आणि शहरात असतो तर माझंही असतं.

मी डायोडकडे वळलो. चार हजार सातच्या जागी १एन५८२२, शॉट्की जातीचे. यांचा ड्रॉप ०.४५ च्या आसपास, तीन अँपिअर पेलणारे. दोन डायोडमागे १.८ ऐवजी ०.९ गेले, म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट फुकट हातात आला, तोही डायोडमधली उष्णता कमी करून. यांची उलट बाजूची सहनशक्ती ४० व्होल्टच असते. ब्रिजमध्ये प्रत्येक डायोडवर उलटा ताण माथ्याएवढाच येतो, इथे अगदी वाईट वेळीही १८ व्होल्ट, त्यामुळे चिंता नव्हती. हेच डायोड २३० च्या थेट लाइनवर लावले तर क्षणात जातील.

कपॅसिटर ४७०० चाच, पण १०५ अंशांचा, आणि २५ व्होल्टचा. दुकानदार १६ व्होल्टचा देत होता. रात्री २७० व्होल्ट आले आणि लोड तुटला तर या ट्रान्सफॉर्मरचा माथा १८ व्होल्टजवळ जातो, म्हणून तो घेतला नाही. त्याला पट्टीपासून उचलून डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दोन जाड तारांवर बसवला. तारा मुद्दाम आखूड आणि जाड, कारण झटके तीन-चार अँपिअरचे आहेत. ७८०५ ला मोठी पट्टी दिली आणि डब्याच्या पाठीला सहा भोकं पाडून त्यांना आतून जाळी लावली. पाली आत शिरतात म्हणून जाळी.

पुन्हा रेझिस्टर, पुन्हा डिमरस्टॅट. हिशेब सांगत होता १६६. सीआरओवर रेघ १६३ ला डळमळायला लागली. मग बोर्ड जोडून सगळे आठ पेटवले आणि १७० वर तासभर ठेवलं.

शेडमध्ये बसवलं तेव्हा सचिव, पोरगा, रांगेतले आठ-दहा जण उभे होते. मी डबा उघडा ठेवून जुना कपॅसिटर आणि नवा असे दोन्ही मीटरवर मोजून दाखवले, आणि डिस्प्लेवर आधी अकरा आणि मग अठ्ठ्याऐंशी लावून करंटचा काटा हललेला दाखवला. हे दाखवणं दुरुस्तीइतकंच गरजेचं होतं. पोरगा बटण दाबत नव्हता हे माझ्या तोंडी सांगण्याने कोणाला पटलं नसतं. मावशी पुढे होत्या. म्हणाल्या, "मंग मी काय सांगत व्हते?" सचिवांनी हाताने लिहिलेल्या पावत्या मागवून घेतल्या आणि त्या त्या महिन्यातल्या छापील पावत्यांच्या सरासरीने फरक काढून बिलात लावला.

टेबलाशेजारी प्लगमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर लावून आलो. पोरगा आता रोज संध्याकाळी सातचा आकडा वहीत लिहितो. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला: १७४ झाले होते, पंखा जेमतेम फिरत होता, मशीन चालू होतं. तीच वही घेऊन सचिव वीज कंपनीकडे डीपीचा लोड वाटून द्या म्हणून अर्ज करणार आहेत.

शेजारच्या गावात याच बनावटीचं, याच सुमाराला घेतलेलं मशीन आहे. त्याची काही तक्रार नाही, ते गाव डीपीच्या जवळ आहे. तरी गेल्या आठवड्यात जाता जाता उघडून पाहिलं. कपॅसिटर तसाच पट्टीला चिकटून. मीटरवर २९००.